फाल्गुन ते वैशाख : प्राथमिक वर्गातल्या मुलांचे शाळेतले शेवटचे अडीच महिने

स्नेहसंमेलन आणि क्रीडास्पर्धा आटोपल्या की पहिलीच्या पालकांना वाटू लागते, वर्ष संपत आले, आता कठीण असे काही उरलेले नाही. ठाण्यातल्या एका मराठी शाळेत पहिली ते चौथीच्या वर्गांना बरीच वर्षे शिकवल्यावर माझे मत नेमके उलटे झाले आहे. जूनमध्ये दाराशी रडणारे मूल आठ-पंधरा दिवसांत रुळते. पण फेब्रुवारीच्या मध्यापासून तेच मूल पुन्हा कुरकुरू लागते, सकाळी उठायला तयार नसते, डबा अर्धवट परत आणते, मधल्या सुट्टीत मित्राला ढकलते, आणि घरातली सगळी मोठी माणसे मिळून त्याचे खापर परीक्षेवर फोडतात.

येऊरच्या वाटेवर पांगारा आणि काटेसावर फुललेली असते, सोसायटीतल्या आंब्यावर कोकीळ पहाटेपासून ओरडू लागतो. ऋतू सुंदर असतो यात वाद नाही. मात्र याच आठवड्यांत ऊन चढते, होळी आणि पाडवा येतात, वर्षाचे मूल्यमापन होते आणि वर्गशिक्षिका बदलण्याची वेळ जवळ येते. सहा-सात वर्षांच्या मुलाला या चार गोष्टी वेगवेगळ्या करून सांगता येत नाहीत. ते फक्त ‘पोटात दुखतंय’ म्हणते. माझा अनुभव असा की यांतल्या बहुतेक तक्रारी आधी शरीरात सुरू होतात आणि मग मनात उतरतात. म्हणून खालची कामेही त्याच क्रमाने लिहिली आहेत : आधी पाणी, झोप आणि डबा, मग सण, त्यानंतर परीक्षा आणि शेवटी निरोप. ज्यांचे मूल यंदा पहिल्यांदाच शाळेत आहे किंवा जे नुकतेच दुसऱ्या गावाहून ठाण्यात वा नवी मुंबईत राहायला आले आहेत, त्यांनी क्रम मोडू नये.

सुरुवातीला : आपल्या शाळेचे वेळापत्रक नीट समजून घ्या

राज्य मंडळाचा अभ्यासक्रम असलेल्या शाळा एप्रिलमध्ये परीक्षा घेतात, निकाल सहसा महाराष्ट्र दिनाच्या आसपास लागतो आणि शाळा पुन्हा जूनच्या मध्याला उघडते. सीबीएसईच्या शाळांत मात्र मार्चमध्येच परीक्षा होऊन एप्रिलमध्ये पुढचा वर्ग सुरू होतो आणि सुट्टी त्यानंतर लागते. खारघर, नेरूळ किंवा घोडबंदर रस्त्यावरच्या मोठ्या गृहसंकुलांत एकाच मजल्यावर दोन्ही प्रकारच्या शाळांची मुले राहतात; एकाच्या हातात नव्या पुस्तकांचा गठ्ठा असतो तेव्हा दुसऱ्याची उजळणी चाललेली असते, आणि खाली खेळायला उतरण्याच्या वेळा जुळत नाहीत. ‘तो बघ, त्याचा अभ्यास संपलासुद्धा’ असे वाक्य पालकांच्या तोंडून सहज जाते. दोन्ही शाळांचे वर्षच वेगळे आहे, हे मुलाला एकदा भिंतीवरच्या कालनिर्णयावर बोट ठेवून दाखवले, तर ही तुलना बरीचशी थांबते.

दुसरी गोष्ट शाळेच्या वेळेची. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९च्या आधी भरवू नयेत, असे शासनाने फेब्रुवारी २०२४मध्ये मुलांच्या झोपेचा विचार करून सांगितले. पुढे मार्च २०२५च्या अखेरीस उन्हाचा तडाखा पाहून प्राथमिक शाळा सकाळी ७ ते ११.१५ या वेळेत भरवण्याची सूचना आली. दोन्ही निर्णयांमागचे कारण रास्त आहे, पण मुलाच्या बाजूने पाहिले तर त्याची सकाळ एकदम दोन तासांनी मागे सरकते. अशी सूचना यंदाही निघू शकते हे गृहीत धरून मार्चच्या मध्यापासून शाळेचे फलक आणि वर्गाचा अधिकृत गट यांवर लक्ष ठेवावे. पालकांच्या खासगी व्हॉट्सॲप गटावर रात्री साडेदहाला येणारी ‘उद्यापासून मॉर्निंग’ ही बातमी शाळेकडून खातरजमा झाल्याखेरीज मुलाच्या कानावर घालू नये.

पहिले काम : बाटली परत आल्यावर उघडून पाहा

काही वर्षांपूर्वी माझ्या दुसरीच्या वर्गातला एक मुलगा मार्च महिन्यात रोज दुपारी डोके दुखते म्हणून बाकावर मान टेकवत असे. त्याच्या आईने डोळे तपासून घेतले, चष्मा लागला नाही. घरी वाचनाचा कंटाळा असेल म्हणून रागावूनही झाले. एके दिवशी शाळा सुटताना मी सहज त्याची बाटली उचलली, तर ती काठोकाठ भरलेली होती. मी विचारले तेव्हा तो माझ्या कानाशी येऊन म्हणाला, “बाई, पाणी प्यायलं की जावं लागतं, आणि तिथलं दार लागत नाही.” मुलांच्या स्वच्छतागृहातल्या एका दाराची कडी निखळली होती. शाळेच्या सुताराला ती बसवायला दहा मिनिटे लागली, आणि मला ती गोष्ट कळायला तीन आठवडे. त्या मुलाची डोकेदुखी चार दिवसांत थांबली. तेव्हापासून मी पालकसभेत सांगते की ‘पाणी प्यायलास का’ या प्रश्नाला मूल हमखास ‘हो’ म्हणते. म्हणून प्रश्न विचारू नका, बाटली पाहा.

बाटली रोज भरलेली परत येत असेल, तर रागावण्याआधी तीन गोष्टी तपासाव्यात. शाळेतले स्वच्छतागृह मुलाला नकोसे वाटते का, हे खेळता खेळता विचारावे; कडी, ओली फरशी, अंधार, मोठ्या वर्गातल्या मुलांची चेष्टा, यांपैकी काहीतरी निघते. बाटलीचे झाकण त्याच्या हाताने उघडते का, हे स्वतः पाहावे, कारण पहिलीच्या मुलाला घट्ट फिरकीचे झाकण उघडत नाही आणि बाईंना दहा वेळा सांगायची त्याला लाज वाटते. वर्गात पाणी पिण्याची मुभा केव्हा असते, हेही शिक्षिकेला विचारून घ्यावे. केरळातल्या शाळांनी २०१९मध्ये खास पाणी पिण्यासाठी घंटा वाजवण्याची पद्धत सुरू केली आणि ती पुढे इतरत्रही गेली. आपल्या शाळेत तशी घंटा नसेल, तर प्रत्येक तासिका संपली की दोन घोट, एवढा नियम मुलालाही लक्षात राहतो. पाणी पुरेसे जाते आहे की नाही हे लघवीच्या रंगावरून कळते : फिकट पिवळी असली की ठीक, गडद पिवळी असली की कमी. हे मुलाला शिकवायला संकोच करू नये. मुलांना या विषयात मोठ्यांपेक्षा जास्त रस असतो.

आपल्याकडचे ऊन फसवे आहे, हे विदर्भातून किंवा देशावरून आलेल्या पालकांनी विशेष ध्यानात घ्यावे. नागपूरच्या मानाने इथला पारा खाली दिसतो, पण खाडीकाठची हवा दमट असल्यामुळे घाम वाळत नाही, आणि घाम वाळल्याशिवाय शरीर थंड होत नाही. म्हणूनच हवामान विभाग मैदानी प्रदेशात ४० अंशांपासून उष्णतेच्या लाटेचा विचार करतो, तर किनारपट्टीवर कमाल तापमान ३७ अंशांवर जाऊन नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी वाढले की लाट मानतो. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानावर भर उन्हात झालेल्या सोहळ्यात उष्माघाताने माणसे दगावली, तेव्हाही पारा चाळिशीच्या खालीच होता. लहान मुले खेळाच्या भरात स्वतःहून थांबत नाहीत, त्यामुळे थांबवणे हे मोठ्यांचे काम ठरते.

दुपारच्या अधिवेशनाची शाळा असेल तर मूल नेमके साडेबाराच्या उन्हात घराबाहेर पडते. रिक्षा किंवा व्हॅन येण्याच्या आधी अर्धा तास त्याला फाटकाशी उभे करू नये. कपाळाला लागणार नाही अशी सुती टोपी द्यावी, आणि गाडी उन्हात उभी राहिलेली असेल तर दारे-खिडक्या उघडून मगच मुलांना बसवायला चालकाला सांगावे. बंद गाडीत मुलाला ‘दोन मिनिटे’ ठेवून दुकानात जाणे या दिवसांत अक्षरशः जिवावर बेतू शकते. टाय, मोजे आणि बंद बूट यांतून एप्रिलपुरती सवलत मिळावी, असे चार-सहा पालकांनी मिळून मुख्याध्यापकांना लेखी विनंतीपत्र दिले, तर बऱ्याच शाळा ती मान्य करतात. एकट्याने फाटकावर घातलेला वाद मात्र कुठेच पोहोचत नाही.

मूल गळून गेले, चक्कर येते म्हणाले, मळमळू लागले किंवा त्याच्या पायात गोळे आले, तर सावलीत आडवे करून कपडे सैल करावेत, ओल्या फडक्याने अंग पुसून वारा घालावा आणि शुद्धीवर असेल तर घोट घोट पाणी द्यावे. घरी जलसंजीवनी करायची असेल, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ हे प्रमाण पाळावे. अंदाजाने मूठभर मीठ टाकू नये. मूल असंबद्ध बोलू लागले, पेंगू लागले किंवा अंग तापून भाजल्यासारखे लागले, तर तोंडाने काहीही न देता १०८ला फोन करावा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत अंग ओले करून थंड करत राहावे.

शाळेच्या फाटकावरच्या बर्फाच्या गोळ्याबद्दल मला दरवर्षी विचारले जाते. मुलांना गोळा खाऊ नका म्हणणे मला स्वतःला जड जाते, कारण मी तो लहानपणी भरपूर खाल्ला आहे. पण तो बर्फ कोणत्या पाण्याचा आहे हे आपल्याला कळत नाही, आणि कावीळ व विषमज्वर दूषित पाण्यातून येऊ शकतात. रविवारी घरच्या बर्फाचा कोकमाच्या आगळाचा गोळा करून दिला, तर निम्मा हट्ट सुटतो. कैरीचे पन्हे, ताक, नारळपाणी आणि बाजारात आलेले ताडगोळे हेही या दिवसांचे खाणे-पिणे आहे, त्यासाठी रंगीत बाटल्यांची गरज पडत नाही.

दुसरे काम : झोप पंधरा-पंधरा मिनिटांनी मागे आणा

सहा ते बारा वर्षांच्या मुलाला दिवसाला ९ ते १२ तास झोप लागते. सातच्या शाळेसाठी पावणेसहाला उठायचे असेल, तर साडेआठला अंथरुणावर पडणे भाग आहे, आणि मुंबईत कामाला जाणारे आई-वडील कळवा-ठाणे लोकलमधून त्याच वेळी घरी पोहोचत असतात, ही खरी अडचण आहे. एका रात्रीत वेळ बदलायला जाऊ नये. सकाळची शाळा सुरू होण्याच्या आठवडाभर आधीपासून झोपण्याची आणि उठण्याची वेळ रोज पंधरा मिनिटांनी अलीकडे आणावी. सहा-सात दिवसांत दीड तास निघतो. बाबांशी गप्पा मारायच्या राहिल्या म्हणून मूल जागत असेल, तर त्या गप्पा सकाळी रिक्षाची वाट पाहतानाच्या दहा मिनिटांत हलवाव्यात. मुलालाही त्या पुरतात.

या दिवसांत झोपेचा मोठा शत्रू अभ्यास नसून आयपीएल आहे, हे मी वर्गातल्या सकाळच्या जांभया मोजून सांगू शकते. साडेसातला सुरू झालेला सामना साडेअकराच्या पुढे जातो, आणि एकाच खोलीत दूरदर्शन चालू असताना मूल झोपले आहे असे फक्त मोठ्यांना वाटते. आवाज बंद करून सामना पाहता येतो; माझ्या घरी तो तसाच पाहिला जातो.

रमजानचा महिना सध्या याच काळात येत असल्यामुळे मुंब्रा, कौसा, राबोडी या भागांतल्या मुलांच्या घरी पहाटे जाग असते. मूल रोजा ठेवत नसले तरी सहेरीला उठते. अशा मुलाला दुपारी तासभर झोपू द्यावे आणि वर्गशिक्षिकेला तसे दैनंदिनीत लिहून कळवावे. कळले की आम्ही त्याला पहिल्या तासाला फळ्यासमोर उभे करत नाही.

तिसरे काम : डब्यातून नारळ काढा

ओल्या खोबऱ्याची चटणी, दुधातले पदार्थ आणि आदल्या रात्रीची बटाट्याची भाजी उन्हाच्या दिवसांत डब्यात आंबतात. मूल ‘वास येतो’ म्हणून परत आणते तेव्हा बहुधा ते खरे असते. थालीपीठ, तिखटमिठाच्या पुऱ्या, गूळ-तुपाची पोळी, मेतकूट लावलेला कोरडा भात आणि सोबत काकडीचे काप चालतात. उन्हाने भूक मंदावते, त्यामुळे डबा थोडा कमी भरावा आणि घरी आल्यावर पुन्हा काहीतरी द्यावे. शाळेत पोषण आहार मिळत असेल, तर त्या दिवशी काय आहे हे विचारून मगच डब्याचा निर्णय घ्यावा.

चौथे काम : सण मुलाच्या मापाने साजरे करा

होळीच्या आठवडाभर आधीपासून शाळा सुटण्याच्या वेळी इमारतींच्या गच्चीवरून पाण्याचे फुगे येतात. हसण्यावारी नेण्याजोगी ही गोष्ट नाही, कारण उंचावरून आलेला फुगा डोळ्यावर बसला तर दृष्टीला इजा होऊ शकते. त्या आठवड्यात मुलाला इमारतीच्या कडेने न चालवता मोकळ्या बाजूने आणावे, आणि आपल्याच सोसायटीतली मुले फुगे भरत असतील तर ते थांबवण्याचे काम रखवालदारावर न सोडता स्वतः करावे. धुळवडीला अंगाला आणि केसांना खोबरेल तेल लावून, पूर्ण बाह्यांचे जुने सुती कपडे घालून खेळायला पाठवावे. रंग डोळ्यांत गेला तर चोळू न देता स्वच्छ पाण्याच्या धारेने धुवावा, आणि दुखणे थांबले नाही तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

ज्या मुलाला रंग आवडत नाही, त्याला ‘भित्रा’ म्हणू नये. माझ्या वर्गात दरवर्षी असे दोघे-तिघे असतात. कोणी फक्त पाणी उडवायला तयार असतो, कोणी गॅलरीतून पाहायला. तेवढ्यावर सण साजरा होतो.

गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रेची प्रथा ठाणे जिल्ह्यातच, डोंबिवलीत १९९९मध्ये सुरू झाली आणि आज ठाण्यात कौपिनेश्वर मंदिराची यात्रा पाहायला तलावपाळीला पहाटेपासून गर्दी लोटते. नऊवारीत आणि फेट्यात सजलेली मुले छायाचित्रात छान दिसतात. प्रत्यक्षात ती पहाटे साडेचारला उठवलेली, उपाशी आणि ढोल-ताशाच्या पथकाला खेटून उभी असतात. यात्रेला जरूर न्यावे, पण घरून खाऊन निघावे, ढोलांपासून अंतर ठेवावे, मुलाच्या खिशात पालकांच्या फोन क्रमांकाची चिठ्ठी ठेवावी, ऊन चढायच्या आत घरी परतावे, आणि दुपारी श्रीखंड-पुरीनंतर त्याला झोपू द्यावे. दुसऱ्या दिवशी शाळा असेल तर संध्याकाळचा दुसरा कार्यक्रम सरळ सोडून द्यावा.

पाचवे काम : परीक्षा म्हणजे नेमके काय, हे आधी स्वतः समजून घ्या

पहिली ते चौथीच्या पालकांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी की या वर्गांत मुलाला नापास करून मागे ठेवले जात नाही. राज्यात पाचवी आणि आठवीसाठी २०२३-२४पासून वार्षिक परीक्षा सुरू झाली असून तिथेही कमी पडलेल्या मुलाला पुनर्परीक्षेची संधी मिळते. खालच्या वर्गांत राज्याने २०१०मध्ये आणलेली सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची पद्धत रुजली आहे. तिच्यात पहिली-दुसरीसाठी वर्षभरातल्या तोंडी कामाला, प्रात्यक्षिकांना आणि वर्गकार्याला, म्हणजे आकारिक मूल्यमापनाला, ७० टक्के भार धरला होता आणि सत्राच्या शेवटी होणाऱ्या संकलित मूल्यमापनाला फक्त ३०. तिसरी-चौथीत हे प्रमाण ६० आणि ४० असे होते. ज्या ‘पेपर’साठी घरात पंधरा दिवस आधी दूरदर्शन बंद होतो आणि आजीचे गावी जाणे रद्द होते, तो पेपर सहा वर्षांच्या मुलाच्या वर्षभराच्या कामाचा लहानसा भाग असतो. शिक्षिकेने वर्षभरात काय नोंदवले आहे, हे मार्चच्या पालकसभेत विचारणे त्या पंधरा दिवसांच्या घोकंपट्टीपेक्षा जास्त उपयोगाचे आहे.

घरी करायचे ते इतकेच. परीक्षेच्या दोन आठवडे आधी मुलाबरोबर बसून प्रत्येक विषयातले ‘येते’ आणि ‘अडते’ असे दोन रकाने एका कागदावर मांडावेत, आणि ते मुलाच्या तोंडून भरून घ्यावेत. पहिलीच्या मुलाची अडलेली यादी बहुधा चार ओळींची निघते : जोडाक्षरे, हातच्याची वजाबाकी, घड्याळ, इंग्रजीतली काही स्पेलिंगे. रोज संध्याकाळी त्यातली एकच गोष्ट घेऊन वीस मिनिटे बसावे, मग उठावे. हातच्याची वजाबाकी वहीत होत नसेल, तर ती चिंचोक्यांनी करून घ्यावी. दहा चिंचोक्यांची पुडी सोडल्याशिवाय सुटे मिळत नाहीत, हे बोटांना कळले की डोक्याला कळते. तोंडी परीक्षेसाठी कविता पाठ म्हणायची असेल, तर ती अभ्यासाच्या वेळी न म्हणवता आंघोळीच्या वेळी म्हणून घ्यावी, मुले न्हाणीघरात मोठ्याने म्हणतात.

परीक्षा सुरू असतानाचा रविवार पूर्ण अभ्यासाला देऊ नये. ऐरोलीला किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे आणि २०१५मध्ये घोषित झालेले ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य तिथेच सुरू होते. २०२२मध्ये त्याला जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत स्थान मिळाले. रोहित पक्षी म्हणजे फ्लेमिंगो साधारण मेपर्यंत खाडीत असतात. सकाळचे दोन तास तिथे घालवलेले मूल दुपारी वही घेऊन आपण होऊन बसते, हे मी स्वतःच्या मुलाच्या बाबतीत पाहिले आहे. तेवढे लांब जमत नसेल तर उपवन तलाव किंवा जवळचे कोणतेही मैदान चालेल.

आता एका जागेवर जरा थांबते. परीक्षेच्या दिवशी शाळा सुटते तेव्हा फाटकाबाहेर साठ-सत्तर पालक उभे असतात. मूल पायऱ्या उतरते, त्याला आई दिसते, ते हसते, हात वर करते. आणि आईचा पहिला हात जातो तो दप्तराच्या पुढच्या कप्प्याकडे, प्रश्नपत्रिका काढायला. तिथल्या तिथे, दुचाकीच्या सीटवर कागद पसरून, “पाचवा प्रश्न काय लिहिलास?” अशी उलटतपासणी सुरू होते. शेजारच्या मुलीने वेगळे उत्तर सांगितले की या मुलाचा चेहरा पडतो, आणि पुढच्या दिवशी तेच मूल पेपर लिहिताना तीन-तीनदा खोडरबर चालवते. वर्गात उभी राहून मी कोणत्या मुलाच्या प्रश्नपत्रिकेची फाटकावर तपासणी होते, हे त्या खोडाखोडीवरून ओळखू शकते. प्रश्नपत्रिका घरी गेल्यावर, जेवण झाल्यावर, मुलाने स्वतः काढून दिली तर पाहावी. नाही दिली तर राहू द्यावी.

पेपरच्या सकाळी नवे काही वाचायला लावू नये. दोन टोकदार पेन्सिली, खोडरबर, पाण्याची बाटली आणि रोजचाच नाश्ता पुरेसा असतो. दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नसावे, हा नियम परीक्षेच्या दिवसांत तरी सहज पाळता येतो, कारण वह्या न्यायच्याच नसतात.

मूल परीक्षेआधी रोज पोटदुखीची तक्रार करत असेल, अंथरूण ओले करू लागले असेल, नखे रक्त येईपर्यंत खात असेल किंवा नेहमीच्या खेळातून अंग काढत असेल, आणि हे दोन आठवड्यांहून अधिक चालले असेल, तर आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवून शारीरिक कारण नाही ना, याची खात्री करावी, आणि मग समुपदेशकाकडे जावे. शाळेत समुपदेशक नसेल तर ठाण्यात इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ म्हणजे आय.पी.एच. ही संस्था १९९०पासून काम करते आहे. आणि शासनाच्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही विनामूल्य बोलता येते. शाळेत कोणी मारत असेल किंवा घालूनपाडून बोलत असेल, तर शिक्षणहक्क कायद्याच्या १७व्या कलमानुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना बंदी आहे. अशी तक्रार मुख्याध्यापकांकडे लेखी द्यावी, आणि मुलाला धोका वाटत असेल तर १०९८ या बालसाहाय्य क्रमांकावर फोन करावा.

सहावे काम : कांजिण्या आणि गालगुंड लपवू नका

हे दोन्ही आजार या दिवसांत वर्गात हमखास येतात, आणि परीक्षा बुडेल या धास्तीने लपवले जातात. कांजिण्यांचे मूल पुरळ दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून सगळे फोड खपलीत वाळेपर्यंत दुसऱ्याला संसर्ग देऊ शकते. तोवर त्याने घरीच राहावे. तापासाठी ॲस्पिरिन मुळीच देऊ नये, डॉक्टरांनी सांगितलेलेच औषध द्यावे. गालगुंड आली तर सूज दिसू लागल्यापासून पाच दिवस घरी ठेवावे. पहिली ते चौथीत आजारी मुलाची चाचणी नंतर घेता येते, त्यासाठी डॉक्टरांचे पत्र आणि वर्गशिक्षिकेला केलेला एक फोन पुरतो. वर्गातल्या एखाद्या मुलाची आई गरोदर असेल, तर कांजिण्यांची बातमी तिच्यापर्यंत वेळेत पोहोचणे फार महत्त्वाचे असते.

शेवटचे काम : निरोपाची तयारी निकालाच्या आधी करा

मोठ्यांच्या लेखी वर्ष निकालाने संपते, मुलाच्या लेखी बाई बदलल्या की संपते. पुढच्या वर्षी तुकड्या बदलणार असतील, तर बाकावरचा जोडीदारही जातो. त्यातच आपल्याकडे भाड्याची घरे अकरा महिन्यांच्या करारावर असतात आणि शाळा सांभाळून घर बदलायचे म्हणून कोपरखैरणे-घणसोलीपासून कळव्यापर्यंत निम्मे सामान मे महिन्यातच हलते. जूनमध्ये वर्गात आल्यावर ‘तो आता येणार नाही’ हे कळलेली मुले मी पाहिली आहेत. ती रडत नाहीत, रिकाम्या बाकाकडे दिवसभर बघत राहतात. घर किंवा शाळा बदलणार असाल, तर मुलाला एप्रिलमध्येच सांगावे, आणि सांगताना ‘तिथे याहून छान मित्र मिळतील’ असे म्हणू नये, कारण त्याला हेच मित्र हवे असतात. दोघांच्या आया एकमेकींचे फोन क्रमांक घेताना मुलांना दिसले की त्यांना धीर येतो. सुट्टीत कोकणात गावी जाणाऱ्या मुलाकडून मित्राला पोस्टकार्ड लिहून घेतले तर ते जूनपर्यंत जपून ठेवले जाते.

चौथीच्या मुलांचा निरोप अधिक मोठा असतो. बऱ्याच मराठी शाळांत पहिली ते चौथीचा प्राथमिक विभाग आणि पाचवीपासूनचा माध्यमिक विभाग वेगळ्या इमारतीत असतो. तिथे एकच बाई दिवसभर नसतात, दर तासाला वेगळे सर किंवा बाई येतात. सुट्टी लागण्याआधी वर्गशिक्षिकेची परवानगी घेऊन मुलाला ती इमारत, तिथला जिना, पाण्याचा नळ आणि स्वच्छतागृह एकदा दाखवून आणावे. ही फेरी अर्ध्या तासाची असते.

प्रगतिपुस्तक हातात आले की आधी श्रेण्यांचा रकाना सोडून शिक्षिकेने लिहिलेल्या वर्णनात्मक नोंदी मुलाला मोठ्याने वाचून दाखवाव्यात. ‘मित्रांना मदत करतो’, ‘गोष्ट रंगवून सांगतो’, अशी वाक्ये लिहिताना आम्ही रात्री उशिरापर्यंत बसलेल्या असतो, आणि ती कोणी वाचत नाही ही माझी जुनी तक्रार आहे. त्यानंतर वह्या रद्दीत देण्याआधी त्यांतली एक वही आणि दोन चित्रे मुलाला निवडून ठेवू द्यावीत, भले त्याने सगळ्यांत गिचमिड वही निवडली तरी. दप्तर उलटे झटकून धुवावे. पाण्याची बाटली गरम पाण्याने आणि बारीक कुंचल्याने घासून उन्हात वाळवावी आणि झाकण न लावता फडताळात ठेवावी. झाकण लावून ठेवलेली बाटली जूनमध्ये उघडली की असा कुबट वास येतो की मूल तिला तोंड लावत नाही.